जोडीनं सायकलवर लांब जाताना: कोणाच्या सायकलवर काय? (अनुभव धागा)

एकट्यानं सायकलवर लांब जायचं असेल तर काय काय घ्यावं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. दोघं निघणार असतील तर मात्र ती यादी दोननं गुणून चालत नाही. तंबू एकच पुरतो, स्टोव्ह एकच पुरतो. पण पाणी, पैसे आणि ट्यूब एकाकडेच असतील तर दुसऱ्याचं अडतं. यवतेश्वरच्या घाटात, ठोसेघरच्या वाटेवर हल्ली बऱ्याच जोड्या दिसतात. त्यांतले काही जण पावसाळा सरला की कोकण, गोकर्ण, हंपी असे बेत करतात आणि मग प्रश्न येतो तो सामानाच्या वाटणीचा. सातारा-सांगलीकडच्या ज्यांनी जोडीनं मुक्कामी सफर केली आहे (नवरा-बायको, भावंडं, मैत्रिणी, कोणीही), त्यांनी सामान कसं वाटलं, काय कमी पडलं, काय उगीच वाहिलं, ते जरूर सांगा. कंपनीच्या नावापेक्षा कारण लिहा.

सुरुवात मी करतो. आम्ही दोघं साताऱ्याहून मेढा, केळघर, महाबळेश्वर आणि मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, खेड, दापोली असे गेलो. पुढे किनाऱ्याच्या रस्त्यानं फेरीबोटी बदलत खाली. वजन घरी काट्यावर समसमान करून काही उपयोग नसतो. केळघरच्या चढाला जो मागं पडतो त्याच्या सायकलवरून काहीतरी काढून पुढच्याच्या सायकलवर बांधायचं, आणि दोघं एकमेकांच्या नजरेत राहायला लागले की थांबायचं, हीच खरी वाटणी. आमच्यात मी चढाला पुढे असतो, म्हणून तंबू, स्टोव्ह आणि भांडी माझ्याकडे आली. उताराला मात्र जड सायकल आवरायला जास्त ब्रेक लागतो. त्यामुळे आंबेनळी उतरण्याआधी माझे ब्रेक पॅड आम्ही नीट बघून घेतले आणि मध्ये थांबत थांबत उतरलो.

दुसरं म्हणजे, सामान वस्तूंप्रमाणे न वाटता कामाप्रमाणे वाटावं. तंबूचं कापड एकाकडे आणि काठ्या दुसऱ्याकडे, असं केल्यानं वजन सारखं होतं खरं, पण दोघांपैकी एक जण मागं राहिला तर तंबू कोणाकडेच नसतो. अख्खा तंबू एकाच सायकलवर. पंक्चरचं सामान मात्र दोन्हीकडे, अगदी पंपासकट. दाभोळला मी बोटीत चढलो आणि ही जेट्टीच्या अलीकडे चाक बसल्यामुळे थांबली होती. मी पलीकडे धोपाव्याला पोचून फोन करेपर्यंत तिनं स्वतःची ट्यूब बदलून, स्वतःच्या छोट्या पंपानं हवा भरून पुढची बोट धरली होती. दोन्ही पंप माझ्याकडे असते तर तिला खाडीकाठी नुसतं वाट बघत बसावं लागलं असतं.

मिरज

दोन पंपांचं अगदी पटलं. आम्ही पन्नाशी ओलांडलेलं जोडपं. मिरजेहून कवठेमहांकाळ, जत, विजयपूर, आलमट्टी, हुनगुंद, कुष्टगी, होसपेट करत हंपीला गेलो. जतकडच्या माळावर रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ आणि बांधाला सराटे. जेवायला म्हणून सायकल ढकलत झाडाखाली नेली की काटा लागलाच म्हणून समजा. सायकल उचलून न्या, ढकलू नका. आणि पुन्हा निघताना ओल्या फडक्यानं दोन्ही टायर पुसून बघा. सराटा रुतून बसतो आणि हवा तासाभरानं जाते.

ट्यूबबद्दल एक गोष्ट सायकल घेतानाच ठरवावी अशी आहे. दोघांची चाकं एकाच मापाची हवीत. २९ इंची आणि ७०० सी या दोन नावांचा गोंधळ होतो, पण दोन्हींची रिम ६२२ मिलिमीटरचीच. त्यामुळे अडीअडचणीला ट्यूब एकमेकांना चालून जाते, फक्त टायर किती रुंद आहे ते बघावं लागतं. २६ इंचीची रिम ५५९ मिलिमीटरची. ती वेगळी पडते. व्हॉल्व्हही सारखाच हवा. गावातल्या सायकलच्या दुकानात जाड व्हॉल्व्हची २६ इंची ट्यूब मिळून जाते, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची बहुधा मिळत नाही. आणि बारीक व्हॉल्व्हसाठी भोक पाडलेल्या रिममधून जाड व्हॉल्व्ह जातच नाही. ट्यूबलेस टायर असतील तर आतलं सीलंट (टायरमध्ये ओतलेला चिकट द्रव) बारीक काट्याचं भोक आपोआप बुजवतं, आणि जतच्या माळाला त्यासारखं सुख नाही. पण आपल्याकडच्या उन्हात ते काही महिन्यांत वाळतं, म्हणून निघण्याआधी ताजं घालावं. तरीही एकेक ट्यूब जवळ ठेवावीच.

आम्ही तंबू घेतला नाही. लॉज, भक्तनिवास जिथं मिळेल तिथं राहिलो. जे वजन वाचलं त्या जागी पाणी घेतलं, प्रत्येकी तीन लिटर म्हणजे तीन किलो. ओआरएसचं नेहमीचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, सायकलची बाटली मात्र बहुधा पाऊण लिटरची. अख्खं पाकीट तिच्यात ओतलं तर द्रावण गरजेपेक्षा तीव्र होतं. म्हणून एक साधी लिटरची बाटली ठेवली आणि त्यातच कालवून दोघांनी वाटून घेतलं.

माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या निम्म्या माझ्या पिशवीत, निम्म्या सौंच्या. आमच्या वयाच्या लोकांनी हे एवढं तरी नक्की करावं.

कराड

मी थोडं वेगळ्या बाजूनं लिहिते. वाटणीचा विषय निघाला की बायकोला हलकं द्यायचं, आणि हलकं म्हणजे कपडे नि अंथरूण, असं होतं. पण हलकं सामान फुगीर असतं. आम्ही सराव म्हणून चाळकेवाडीच्या पठारावर भरल्या पिशव्या बांधून गेलो होतो. जिथं पवनचक्क्या उभारतात तिथला वारा. त्या वाऱ्यात माझी हलकी, रुंद सायकल बाजूला ढकलली जात होती आणि ह्यांची जड, सडपातळ सायकल सरळ चालली होती. त्या दिवसापासून माझ्याकडे छोटं आणि घट्ट सामान: हत्यारं, चार्जर, खाऊ. ह्यांच्याकडे फुगीर. एकूण वजन माझ्याकडे कमीच असतं, कारण माझं स्वतःचं वजन ह्यांच्यापेक्षा बरंच कमी आहे आणि तेवढेच किलो मला चढावर जास्त जाणवतात.

बायकांच्या छोट्या फ्रेमचा प्रश्न कोणी बोलत नाही, म्हणून सांगते. फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी पिशवी माझ्या सायकलला घातली की पाण्याच्या बाटलीला जागा उरत नाही. सीटखाली लोंबणारी मोठी पिशवी मागच्या टायरला घासते, कारण सीट आणि चाक यांत अंतरच कमी. जोडीनं एकसारख्या पिशव्या घ्यायचा हट्ट धरू नका. ह्यांच्या सायकलला बिनकॅरिअरच्या पिशव्या छान बसतात. माझ्या सायकलला मागे कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या दोन छोट्या पिशव्या, म्हणजे पॅनियर. जड वस्तू तळाशी, चाकाच्या आसाजवळ येतात आणि सायकल उभ्यानं डोलत नाही.

कपड्यांत सायकलच्या, बसायच्या जागी गादी शिवलेल्या दोन चड्ड्या प्रत्येकी. आत दुसरं काही घालायचं नाही, रोज रात्री धुवायची, सकाळी ओली असेल तर पिशवीवर बांधून वाळवायची. घासणाऱ्या जागी खोबरेल तेल. देवळात, गावात जायला वरून चढवायची सैल सलवार माझ्याकडे कायम असते. आणि एक मोठा सुती पंचा: अंग पुसायला, डोक्यावर ओला घालायला, आडोसा करून कपडे बदलायला. त्याहून कामाची वस्तू मला अजून सापडलेली नाही.

पाळीचं सामान, साबण, टॉर्च, थोडे पैसे हे माझं माझ्या हँडलबारच्या पिशवीत, हात घातला की मिळेल असं. मासिक पाळीचा कप वापरायची सवय असेल तर वजनही वाचतं आणि टाकायचं कुठं हा प्रश्नही. पण सवय निघण्याच्या काही महिने आधी करावी, वाटेत नाही. माझ्या गरजेची कोणतीच वस्तू ह्यांच्या पिशवीत नसते. काही हवं असेल तर घाटात पुढे गेलेल्या माणसाला हाका मारत बसायला नको.

सातारा, सायकली दुरुस्त करणारा

सफरीला निघालेल्या जोड्या सायकली तपासायला आणतात, म्हणून माझंही थोडं. गिअरचा मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवतो तो भाग) ज्या छोट्या पट्टीवर बसतो तो हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा. सायकल उजव्या अंगावर पडली की वाकतो, कधी तुटतो, आणि तो तालुक्याच्या गावीसुद्धा मिळणार नाही. दोन वेगळ्या सायकली असतील तर दोन वेगळे हँगर घ्या. चेनची जोडकडी मात्र दोघांचे गिअर सारखे असतील तर एकच जोडी पुरते. ९ स्पीडची कडी ११ स्पीडला चालत नाही. मागच्या चाकाला डाव्या-उजव्या बाजूच्या स्पोकची लांबी बहुतेक वेळा वेगळी असते, दोन्ही मापांचे एक-दोन स्पोक फ्रेमला टेपनं चिकटवून न्या. टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. कॅरिअरचे बोल्ट रोज रात्री हातानं बघा. भरल्या सायकलीला आधी ढिले होतात ते तेच.

सांगली, विश्रामबाग

आमची सफर मनाली ते लेह. सायकली मिरजेहून गोवा एक्स्प्रेसच्या पार्सल डब्यातून दिल्लीला नेल्या. पार्सलला देताना पेडल काढून, हँडल आडवं करून, डिरेलरभोवती जुनं गोणपाट गुंडाळलं होतं. गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, विमानातही नाही. तो मनालीत घेतला.

तिकडे वाटणीचं गणित थंडीवर ठरतं. आम्ही दोन स्लीपिंग बॅगा घेतल्या, पण एकीची चेन डावीकडून आणि दुसरीची उजवीकडून. दोन्ही जोडून एक होते. वाटेत उंचावरच्या सरचूच्या मुक्कामात रात्री ती जोडलेली बॅग दोन वेगळ्या बॅगांपेक्षा उबदार वाटली. खरेदी करतानाच हे बघावं, नंतर जुळत नाहीत.

तांदूळ-डाळ उगीच नेली. त्याच वाटेवरच्या पांगच्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजत नाही आणि गॅस संपतो. पोहे, ओट्स, सातूचं पीठ, शेंगदाण्याचा लाडू आणि मिरजेच्या बाजारातून घेतलेला बेदाणा यांवर भागलं. सरचू, पांग इथं मोसमात तंबूतले ढाबे असतात, गरम जेवण तिथंच करावं. ‘तांगलांग ला’ ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथं एकाचं डोकं दुखायला लागलं तर त्याचं सामान दुसऱ्याकडे घेऊन उपयोग नाही, दोघांनी मिळून खाली उतरायचं असतं. आम्ही हे निघण्याआधी बोलून ठेवलं होतं: थांबूया असं ज्याला आधी वाटेल त्याचं ऐकायचं, वाद घालायचा नाही. सामानाच्या यादीत हे मी सर्वांत वर लिहीन.

पॉवर बँक दोन छोट्या. विमानानं परतायचं असेल तर १०० वॉट-अवरच्या आतल्या, आणि हातातल्या सामानात. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-अवर, ती चालते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री दोन्ही स्लीपिंग बॅगेत.

विटा

आम्ही दोघी मैत्रिणी. वरच्या बहुतेक वस्तू आमच्या खिशाला न परवडणाऱ्या, तरी आम्ही पंढरपूर, सोलापूर, अक्कलकोट, गाणगापूर असं फिरून आलो, तेही साध्या सायकलींवर. त्यामुळे जी जोडी पैशांसाठी थांबली असेल तिच्यासाठी लिहिते. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी जाड कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या, आतून प्लायवुडचा तुकडा घातला, म्हणजे पिशवी स्पोकमध्ये जात नाही. त्यांच्या आत खताच्या पोत्याची प्लॅस्टिकची पिशवी, स्वच्छ धुऊन. अवकाळी पाऊस गाठला तेव्हा आतलं काही भिजलं नाही. बांधायला बाद ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. बंजी दोरीपेक्षा घट्ट बसतात, आकडा निसटून डोळ्याला लागायची भीती नाही.

ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ दोघींकडे निम्मा निम्मा. पैसे दोघींकडे, तेही दोन-दोन जागी. आधार कार्डाची प्रत आणि घरच्यांचे नंबर कागदावर लिहून एकमेकींचे एकमेकींकडे, फोन बंद पडला तरी असावेत म्हणून.

वाई

धागा सुरू करणाऱ्या सातारच्या दादांनी ‘उगीच काय वाहिलं’ असं विचारलंय, त्याचं उत्तर देते. आम्ही वाईहून गोकर्णाला निघालो तेव्हा दोघांत मिळून दोन जादा स्वेटर, दुसरी भांडी, जाड टॉवेल आणि एक कुलूप-साखळी असं बरंच होतं. निपाणीला मुक्कामी सगळं जमिनीवर मांडलं आणि निघाल्यापासून हात न लागलेल्या वस्तू बाजूला काढल्या. पंक्चरचं सामान, औषधं आणि पावसाचं जाकीट यांना हा नियम लावायचा नाही. उरलेलं पोस्टातून पार्सल करून घरी पाठवलं. पैसे फारसे लागले नाहीत.

साखळी पाठवली, पण तिच्या जागी तिथंच एक पातळ वायरचं कुलूप घेतलं. जोडीचा हा मोठा फायदा आहे. दोन सायकली एकमेकींना तोंड उलट करून कुलूप लावलं की कुणाला पटकन चालवत नेता येत नाहीत, आणि चहाला गेलं तरी एक जण सायकलींपाशी असतोच. पोस्टात जायचं असेल तर पिशवी शिवायला सुई-दोरा जवळ ठेवा, आणि शनिवारी दुपारनंतर जाऊ नका.