'निधर्मी', 'नास्तिक' की नुसते 'धर्म नाही'?

मांडवीकाठ

धाकट्याच्या शाळाप्रवेशाचा अर्ज भरताना अडलेला शब्द. 'धर्म' या रकान्यात आम्ही दोघांनी विचार करून 'निधर्मी' लिहिले. कार्यालयातल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "बाय, आडनांव पळोवन हांव हिंदू घालतां." मी नको म्हटल्यावर त्यांनी संगणकाचा पडदाच माझ्याकडे वळवला. यादीत सहा धर्म आणि तळाला 'इतर'. शेवटी 'इतर'वर बोट ठेवले. म्हणजे कागदोपत्री पोराला धर्म आहे, फक्त कोणता ते ठाऊक नाही!

घरी सासूबाई वेगळ्याच कारणाने रागावल्या. "निधर्मी कित्याक बरयलें? लोकांक दिसतलें, आमी लुच्चे." त्यांचे अगदीच खोटे वाटत नाही. देवही न मानणाऱ्या आणि धर्मही न मानणाऱ्या माणसाला मराठीत नेमके काय म्हणावे?

घुमट

सासूबाईंचा कान तयार आहे. मराठीत 'धर्म' म्हणजे फक्त हिंदू-ख्रिस्ती-मुसलमान नव्हे. शेजारधर्म, दानधर्म, दारात येऊन "धर्म कर गे माये" म्हणणारा भिकारी, या सगळ्यांत धर्म म्हणजे माणसाने माणसाशी नीट वागणे. तो ज्याला नाही तो निधर्मी, असे ऐकणाऱ्याला वाटले तर दोष त्याचा नाही. शिवाय 'निर्' लावून व्हायला हवा 'निर्धर्मी'. र कुठे गळाला कोण जाणे. वर्तमानपत्रांनी 'निधर्मी' रूढ केला तो राज्यासाठी, 'निधर्मी राज्य' या अर्थी, आणि आता तोच टोमणा म्हणून माणसांना चिकटवतात. माणसासाठी तो मला मुळीच पसंत नाही.

'नास्तिक' जुना आणि दणकट आहे. पाणिनीचे सूत्र 'अस्तिनास्तिदिष्टं मतिः', म्हणजे 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक. काय नाही, हे सूत्र सांगत नाही. टीकाकार परलोकाकडे बोट दाखवतात. मनुस्मृतीत मात्र 'नास्तिको वेदनिन्दकः'. गंमत बघा, जुन्या सांख्य आणि मीमांसा दर्शनांच्या लोकांना जग चालवायला ईश्वराची गरज वाटली नाही, तरी वेद प्रमाण मानले म्हणून ते आस्तिकांच्या पंगतीत, बौद्ध-जैन पंगतीबाहेर. तेव्हा देव न मानणारा या अर्थी काटेकोर शब्द हवा असेल तर 'निरीश्वरवादी'. जड आहे, पण अर्ध्यावर फसवत नाही.

'पाखंडी'चे हाल तर विचारूच नका. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, शिवी नव्हे. बाराव्या लेखात तर राजा सगळ्या पासंडांचा मान राखायला सांगतो. आज तो शब्द कोणाला लावून बघा.

आपल्या गोव्याला हे नवे नाही. पोर्तुगीज कागदांत आपले पूर्वज 'जेंतीव', म्हणजे खऱ्या देवाला न ओळखणारे. 1880 सालच्या हिंदूंच्या रूढी-परंपरांच्या संहितेच्या नावातसुद्धा तो शब्द आहे. इंक्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, 1560 ला आले आणि मधली काही वर्षे सोडता 1812 पर्यंत राहिले. त्या सबंध काळात इथला देवभोळ्यातला देवभोळा हिंदू दप्तरी अश्रद्धच होता. अश्रद्ध कोणाला म्हणायचे हे नेहमी शिक्का ज्याच्या हातात तो ठरवतो.

पेडणेकर

एवढा काथ्याकूट कशाला? माझे आजोबा पक्के नास्तिक होते आणि देवळाचे महाजनही, म्हणजे देवळाच्या मानकरी घराण्यांतले. यादीत नाव घराण्यावरून येते, श्रद्धा कोण विचारतो? नास्तिक म्हणा आणि मोकळे व्हा. मीही देव मानत नाही आणि दिवसातून दहा वेळा 'देव बरें करूं' म्हणतो.

आबोली

पेडणेकरबाब, आजोबांचे चालून गेले कारण ते महाजन होते. त्याच देवळात मनापासून हात जोडणारी, पण त्या घराण्यांतली नसलेली माणसे यादीबाहेरच ना? आणि आजीने 'मी नास्तिक' म्हटले असते तर तिला कोणी विचारवंत म्हटले असते का?

मी म्हापशात भाड्याने जागा बघत होते. घरमालकीण आधी आडून आडून विचारत राहिली, मग सरळच, "तुम्ही कोणातले?" मी म्हटले, आम्ही काही मानत नाही. ती दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मांस-मासे सगळे चालते?" माझ्या मते 'नास्तिक' शब्दाचा व्यवहारातला अर्थ तो. 'देव नाही' असा नव्हे, 'हिला कसलाच धरबंध नाही' असा. चांगल्या नास्तिकाला मग सवलत म्हणून 'देवमाणूस' म्हणायचे. आगरकरांनाही सुटका नाही, 'देव न मानणारा देवमाणूस'! कौतुकसुद्धा देवाच्या खात्यातून.

शिक्का एकदा बसला की पुसत नाही, हे तर आपल्या गावड्यांना, इथल्या आदिवासी समाजाला, विचारा. 1928 मध्ये मसूरकर महाराजांनी शुद्धी करून ख्रिस्ती धर्मातून परत हिंदू करून घेतलेल्यांचे नातू-पणतू अजून 'नवहिंदू'. शंभर वर्षे होत आली, किती दिवस नवे राहायचे?

काळा कोट

शब्द कोणताही घ्या, हक्क शब्दावर अडत नाही. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदात आधी सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, मग धर्म आचरण्याचे. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की धर्म जाहीर करण्याची सक्ती राज्यसंस्था कोणावर करू शकत नाही आणि 'मला धर्म नाही' असे सांगण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. उच्च न्यायालय आपलेही तेच. आता घुमटबाबांना आवडेल अशी गोष्ट: ते याचिकादार नास्तिक नव्हतेच. येशूवर त्यांची श्रद्धा होती, पण ख्रिस्ती किंवा दुसरा कोणताही धर्म आपला नाही असे त्यांचे म्हणणे. तेव्हा मांडवीकाठबाय, 'देव नाही' आणि 'धर्म नाही' ही दोन वेगळी उत्तरे आहेत, आणि अर्जातला रकाना फक्त दुसरे विचारतो. तिथे 'निरीश्वरवादी' लिहिले तर ते न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होईल. 'धर्मनिरपेक्ष' तर नकोच. तो संविधानाच्या उद्देशिकेत 1976 साली आला तो गणराज्याचे विशेषण म्हणून, तुमच्या मुलाचे नव्हे.

देव न मानणाऱ्यासाठी कायद्यात एक शब्द मात्र मानाने बसलेला आहे. आमदार-खासदारांच्या शपथेच्या नमुन्यात 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो'च्या जोडीला 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. 1969 च्या शपथ कायद्याने साक्षीदारालाही ही मुभा आहे. इंग्लंडात नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 ला संसदेवर निवडून आला आणि या शपथेच्या वादापायी त्याची जागा 1886 पर्यंत पक्की झाली नाही. इथे ते आयते मिळाले, पण कोर्टात दृढकथन मागणारा साक्षीदार विरळाच. बहुतेकांना ते मागता येते हेच माहीत नसते.

घुमट

'दृढकथन' झकास. पण त्यावरून माणसाचे नाम कसे करणार? 'दृढकथनी' म्हटले तर कीर्तनकार वाटेल.

पेडणेकर

'इहवादी', म्हणजे फक्त या जगाचा विचार करणारा, हा शब्द कोणी काढला नाही अजून?

घुमट

चांगला आहे. फक्त ऐकणारा 'इहवादी म्हणजे?' विचारतो आणि आपण 'नास्तिक हो' सांगून मोकळे होतो.

मांडवीकाठ

'इतर' काढून 'धर्म नाही' करावे, असा लेखी अर्ज सकाळी दिला आणि पोच घेतली. बाई भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "यादींत ना तें हांव खंय घालूं? पणजे विचारतां."