अनुभव धागा: देवानं स्वप्नात काही सांगितलं असं तुम्हाला कधी वाटलंय का?

राहुरीची लेक
काल चर्चमध्ये बायबलमधला मत्तयचा दुसरा अध्याय वाचला, हेरोद राजा बाळ येशूला मारायला बघतो, मग मरिया आणि तिचा नवरा योसेफ यांचं बाळाला घेऊन मिसरला म्हणजे इजिप्तला पळून जाणं, ते सगळं. "योसेफाला स्वप्नात" असं ऐकलं की मला आमची आईच आठवते. ९६ सालची गोष्ट असेल. आई आणि मोठ्या काकूची बोलचाल बंद होती, सहा वर्षं झालेली, बांधावरून भांडण, ते इथं लिहीत नाही. एका पहाटे आई उठून बसली आणि म्हणाली काकू स्वप्नात दारात उभी होती, हात ओले, आणि विचारत होती, "पीठ आहे का गं घरात?" एवढंच. देवदूत नाही, उजेड नाही. वडील म्हणाले उपवासकाळ चाललाय, पोट रिकामं म्हणून पीठ दिसतंय, झोप. आईनं काही ऐकलं नाही, डबाभर बाजरीचं पीठ घेतलं, मला घेतलं आणि पहिल्या एसटीनं श्रीरामपूर. मला वाटलेलं काकू अंथरुणाला खिळलेली असणार, घरात दाणा नसणार. तर काकू ठणठणीत, चूल सारवत बसलेली. डबा बघून म्हणाली, "माझ्याकडं तर कालच दळण आणलंय." दोघी नुसत्या बघत राहिल्या आणि मग जी रडारड झाली. त्या दिवशी दोन्ही पिठं एकत्र करून भाकरी थापल्या. येताना एसटीत मी आईला म्हणलं, स्वप्न खोटंच निघालं ना? तर म्हणाली खोटं कसं, मला जायला सांगितलं होतं, मी गेले. काकू २०११ ला गेली, शेवटची दोन वर्षं तिचं सगळं आईनंच केलं.
तुमच्या घरात असं काही असेल तर लिहा ना.

वसईची सून
ताई डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडे झोपलेल्या संत जोसेफचा, म्हणजे त्याच योसेफाचा पुतळा आहे, पोप फ्रान्सिस २०१५ ला मनिलामध्ये बोलले होते ना की काही अडचण असली की मी चिठ्ठी लिहून त्या पुतळ्याखाली ठेवतो, तेव्हापासून सासूबाईंनी आणलाय. आमचा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, त्याची चिठ्ठी होती. मला काही स्वप्नबिप्न पडलं नाही. सासूबाईंना पडलं, की तो वाडीत केळीखाली बसून कुणालातरी हाका मारतोय. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरातला टीव्ही बंद केला आणि रोज त्याला वाडीत घेऊन बसायला लागल्या, पानं, मुंग्या, पाट, सगळ्याशी बोलायच्या. स्पीच थेरपी पण चालूच होती. कशामुळे बोलायला लागला ते मला सांगता येणार नाही, पण पहिला शब्द "पाणी", आणि तो पाटाजवळच म्हणाला. चिठ्ठी अजून खालीच आहे. सासूबाई धूळ पुसतात पण पुतळा हलवत नाहीत, म्हणतात झोपू दे त्याला

डोंगरगावकर
दोन पिठांच्या भाकरी वाचून भूक लागली. ठेचा होता का सोबत?

राहुरीची लेक
होता की! आणि कांद्याची पात.

पाळकांची मुलगी
मी जरा वेगळं लिहिते, कुणाचं मन दुखवायचं नाही. आमच्या मंडळीत एका मुलानं सगळ्यांसमोर साक्ष दिली की अमुक मुलगी माझी बायको होणार असं देवानं मला स्वप्नात दाखवलं. ती पोरगी १९ वर्षांची, शेवटच्या बाकावर बसलेली, मान खाली. घरचे पण म्हणायला लागले देवाची इच्छा असेल. बाबांनी त्या मुलाला घरी बोलावलं, चहा दिला आणि विचारलं, "तिला पण दाखवलं का?" तो गप्प. बाबा म्हणाले मग तिला दाखवेपर्यंत तू थांब आणि तोवर तिचं नाव घेऊ नको. बायबलमध्ये यिर्मया संदेष्ट्याच्या २३ व्या अध्यायात देव स्वतःच चिडलाय ना, स्वप्न पडलं स्वप्न पडलं म्हणून माझ्या नावानं खोटं सांगणाऱ्यांवर. म्हणून मला राहुरीच्या ताईंच्या आईचं स्वप्न आवडलं. त्यात दुसऱ्या कुणाला काही करायला लावलं नाही, स्वतःच डबा उचलला.

वसईची सून
१००% बरोबर. त्या मुलीचं पुढे काय झालं?

पाळकांची मुलगी
बीएड केलं, शिक्षिका आहे. खुश आहे.

नाईट ड्युटी
सगळ्यांना सलाम, मस्कतहून लिहितेय, डब्यात आत्ता भात आहे आणि १५ मिनिटं ब्रेक. मी मिरजेला नर्सिंग केलंय. तीन वर्षं झाली एकच स्वप्न पडतं, मिरजेचा जुना वॉर्ड, एक खाट रिकामी, आणि मी चादर घालतेय पण कोपरा नीट बसतच नाही. मला वाटतं देव परत बोलावतोय. बायबलमध्ये प्रेषित पौलाला त्रोवस शहरात रात्री मासेदोनियाचा माणूस दिसला, इकडे येऊन मदत कर म्हणाला, तर लगेच निघायची तयारी केली त्यांनी. माझं कर्ज आहे, भावाचं इंजिनिअरिंग आहे, मी लगेच कशी निघू. आमच्या प्रार्थना ग्रुपमधल्या मावशी म्हणतात जुन्या करारातला योसेफ, याकोबाचा मुलगा, १७ वर्षांचा असताना पेंढ्यांचं स्वप्न पडलं आणि मिसरचा राजा फारो याच्यासमोर उभा राहिला तेव्हा तो ३० चा होता. म्हणजे १३ वर्षं. त्या वर्षांत तो बसून नव्हता, पोटीफराच्या घरी काम, तुरुंगात काम. हे ऐकल्यापासून जरा शांत झोपते. बेल वाजली, येते नंतर

डोंगरगावकर
भाकरीवरून आठवलं. बायबलमधल्या शास्ते पुस्तकाचा सातवा अध्याय वाचा कुणीतरी. इस्राएलचा पुढारी गिदोन मिद्यानी लोकांशी लढणार, त्याच्याकडे फक्त ३०० माणसं उरलेली, तो घाबरलेला, रात्री शत्रूच्या छावणीजवळ जाऊन कान देतो तर एक मिद्यानी शिपाई दुसऱ्याला स्वप्न सांगतोय, जवाची एक भाकर गडगडत आली आणि तंबूवर आदळली, तंबू उलटा. जवाची, म्हणजे गरिबाची! आणि स्वप्न पडलं ते शत्रूला, गिदोनाला नाही. माझ्या कायम मनात येतं की देव बाहेरच्यांना किती स्वप्नं देतो, फारो, बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर, बाळ येशूला बघायला आलेले ते मागी म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक. येशूचा निवाडा करणाऱ्या पिलाताची बायको बघा, स्वप्न पडलं म्हणून त्या नीतिमान माणसाच्या वाटेला जाऊ नका म्हणून नवऱ्याला निरोप पाठवते, निवाडा चालू असताना, आणि त्यानं काही ते ऐकलं नाही. मला त्या बाईचं फार वाईट वाटतं. आमच्या शेजारच्या आजी ख्रिस्ती नव्हत्या, त्यांना येशू दिसला होता स्वप्नात, आमच्या आईला येऊन विचारायच्या की तो काहीच बोलत का नाही. आई म्हणायची परत दिसला की तुम्हीच विचारा. त्यांना आम्ही कधी चर्चला चला म्हणलं नाही, त्या आपणच नाताळला यायच्या, मागं उभ्या राहायच्या.

रिकामी खुर्ची
मला विचारायचं होतं. माझे मिस्टर २०२१ ला कोविडमध्ये गेले. शेवटचं बघायला पण मिळालं नाही. अजून स्वप्नात येतात, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि विचारतात माझा चष्मा कुठं ठेवला. मी उठून खरंच शोधायला लागते अंधारात. हे देवाकडून आहे की माझंच मन आहे? कुणाला विचारायची लाज वाटते

नाईट ड्युटी
ताई 🙏 आमच्याकडे त्या वर्षी किती जणांना असं पाठवावं लागलं. लाज कसली

पाळकांची मुलगी
काकू, बायबलमधल्या उपदेशक पुस्तकात लिहिलंय की फार व्याप असला की स्वप्नं पडतात, म्हणजे मनाची पण असतात आणि त्यात काही पाप नाही. बाबा म्हणायचे प्रत्येक स्वप्नावर शिक्का मारायची घाई करू नये. सकाळी देवाला जसंच्या तसं सांगायचं, आज पण आले होते, आज पण चष्मा मागितला. अर्थ लावायचं त्याच्याकडं राहू द्या.

राहुरीची लेक
काकू तो चष्मा आहे का अजून तुमच्याकडं?

रिकामी खुर्ची
आहे ना. त्यांच्या बायबलमध्येच आहे, स्तोत्र १२१ च्या पानात. तुझा रक्षक झोपत नाही की डुलकी घेत नाही. ते रोज तेच वाचायचे.

राहुरीची लेक
काकू तुम्ही नगरमध्ये का? मेसेज केलाय बघा.

डोंगरगावकर
वसईकर ताई तो झोपलेल्या जोसेफचा पुतळा कुठं मिळेल? आमच्याकडं कुणी ऐकलेलं पण नाही, आणि आम्ही प्रोटेस्टंट, चालतं ना?

वसईची सून
न चालायला काय झालं दादा, तो काय विचारतोय थोडीच. बांद्र्याला माउंट मेरीला कुणी जाणार असेल तर बाहेरच्या स्टॉलवर विचारायला सांगा. नाहीतर सासूबाईंना विचारते, थांबा, त्या वाडीत आहेत.