भारत-जपान सेपा (व्यापार करार): बिल सिंगापूरचं, जहाजही सिंगापूरला बदलणार, माल न्हावाशेवाला. सवलतीची ड्युटी मिळेल का?

वसईची_अनघा

नमस्कार मंडळी,

वसईच्या युनिटसाठी ओसाकाच्या एका उत्पादकाचे औद्योगिक व्हॉल्व्ह मागवायचं चाललंय. माल कोबेहून निघेल, सिंगापूरला जहाज बदलेल आणि न्हावाशेवाला उतरेल. एलसीएल आहे (म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये), सीआयएफ (विमा-भाड्यासकट) किंमत साधारण ४० लाख. बिल उत्पादकाचं नाही, सिंगापूरच्या ट्रेडरचं येणार. ट्रेडर म्हणतो, "जपानचं मूळ-देशाचं सर्टिफिकेट देतो, बेसिक ड्युटी शून्य, बाकी काही लागत नाही." आमचा सीएचए (कस्टम्स एजंट) म्हणतो, कॅरोटारची (मूळ देश सिद्ध करायच्या नियमांची) माहिती हातात आल्याशिवाय क्लेम टाकणार नाही.

विचारायचंय ते असं. तिसऱ्या देशाचं बिल चालतं का? वाटेत सिंगापूर आल्याने सवलत जाते का? सर्टिफिकेटच्या मसुद्यात एचएस (मालाचा वर्गीकरण क्रमांक) ८४८१.२० आहे, सीएचए मात्र ८४८१.८० म्हणतो, मग धरायचं कुठलं? आणि सर्टिफिकेट उशिरा आलं तर पूर्ण ड्युटी भरून नंतर परतावा मागता येतो का?

---

बॅलार्डपिअर

अनघाताई, तुमच्या सीएचएचं बरोबर आहे. ट्रेडर जे सांगतोय ते २०२० च्या आधीचं चित्र आहे.

आधी दोन अधिसूचना उघडा. दरासाठी ६९/२०११-कस्टम्स, दिनांक २९ जुलै २०११, तिच्या नंतरच्या दुरुस्त्यांसकट. मूळ देशाच्या नियमांसाठी ५५/२०११-कस्टम्स (एन.टी.), दिनांक १ ऑगस्ट २०११. करार त्याच दिवशी लागू झाला. पहिलीच्या तक्त्यात तुमचं उपशीर्षक (सहा अंकी एचएस) आहे का आणि समोर दर काय लिहिलाय, हे स्वतः बघा. करारात वगळलेल्या वस्तूंचा वेगळा गट आहे, त्यांना सर्टिफिकेट कितीही चोख असलं तरी काही मिळत नाही. ट्रेडरच्या "शून्य"वर ऑर्डर देऊ नका.

मग दुसरी अधिसूचना. तुमच्या उपशीर्षकासाठी खास नियम दिलेला असेल तर तोच लागतो. नसेल तर सर्वसाधारण नियम, त्याच्या दोन अटी आणि दोन्ही पाळाव्या लागतात: बाहेरच्या देशांतून आलेल्या प्रत्येक कच्च्या मालाचं सहा अंकी उपशीर्षक तयार मालापेक्षा वेगळं असावं, आणि एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतच्या) किमतीत किमान ३५ टक्के वाटा जपानचा असावा. हिशेब सोपा आहे. एफओबीतून परक्या मालाची किंमत वजा करायची, उरलेल्याला एफओबीने भागायचं. समजा व्हॉल्व्ह १०,००० येनचा, त्यात चीनची बॉडी कास्टिंग ४,२०० ची आणि थायलंडचे सील ९०० चे. परका माल ५,१००, जपानी वाटा ४९ टक्के, पास. तीच कास्टिंग मशिनिंग होऊन ६,३०० ला आली तर परका माल ७,२००, वाटा २८ टक्के, नापास. व्हॉल्व्हचे सुटे भाग ८४८१.९० मध्ये येतात आणि तयार व्हॉल्व्ह दुसऱ्या उपशीर्षकात, त्यामुळे पहिली अट बहुतेक वेळा सुटते. अडतं ते ३५ टक्क्यांवर.

इथे एफओबी म्हणजे जपानी उत्पादकाची किंमत. सिंगापूरच्या ट्रेडरचा नफा त्यात धरून टक्केवारी फुगवता येत नाही. उलट, कस्टम्स तुमचं मूल्य ठरवणार ते ट्रेडरच्या बिलावरून. म्हणजे फाइलमध्ये दोन किमती असणार आणि अधिकारी फरकाचं कारण विचारणार, हे गृहीत धरून तयारी ठेवा.

तिसऱ्या देशाचं बिल या करारात चालतं, पण सर्टिफिकेटच्या शेरा रकान्यात बिल देणाऱ्या सिंगापूरच्या कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता असायला हवा. ट्रेडरला हे आवडत नाही, कारण उत्पादक आणि ग्राहक एकमेकांना दिसतात. पण तो रकाना कोरा राहिला तर सर्टिफिकेटचा तुमच्या बिलाशी संबंधच जुळत नाही, आणि शंका घ्यायला जागा राहते.

एचएसबद्दल: भारतात वर्गीकरण भारतीय कस्टम्सच्या निकषांनी होतं, जपानच्या चेंबरने (सर्टिफिकेट देणाऱ्या व्यापारी संघटनेने) काय छापलंय यावर नाही. ८४८१.२० तेल किंवा हवेच्या दाबाने शक्ती पोचवणाऱ्या प्रणालीतल्या व्हॉल्व्हसाठी आहे, ८४८१.८० इतर. तुमचा व्हॉल्व्ह पाण्याच्या, वाफेच्या किंवा रसायनाच्या लाइनवर बसणार असेल तर सीएचएचं म्हणणं योग्य वाटतं. उत्पादकाला डेटाशीट आणि वापर कळवा आणि सर्टिफिकेट छापायच्या आधीच ८४८१.८० करून घ्या. माल निघाल्यावर खाडाखोड करून आकडा बदलायचा नाही. जिथे खाडाखोड आहे आणि तिच्यावर देणाऱ्या संस्थेची सही-शिक्का नाही, तो कागद पडताळणी न करताच नाकारायचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. अपुरा, नमुन्याबाहेरचा किंवा मुदत संपलेला कागदही तसाच नाकारता येतो, त्यावर "लागू नाही" असा शेरा बसतो. आणखी एक, करारातले नियम एचएसच्या २००७ च्या आवृत्तीवर आहेत. आजचं उपशीर्षक तेव्हा कुठे होतं हे एकदा जुळवून बघा.

आता कॅरोटार. कस्टम्स कायद्यात २०२० साली कलम २८डीए आलं आणि २१ सप्टेंबर २०२० पासून हे नियम लागू झाले. तेव्हापासून सर्टिफिकेट सादर केल्याने आयातदाराची जबाबदारी संपत नाही. फॉर्म १ मधली माहिती क्लेम करण्याआधी तुमच्याकडे हवी: माल कसा बनतो, कुठला कच्चा माल कुठल्या देशाचा, त्याचे एचएस, मूल्यवर्धनाची टक्केवारी, कुठल्या निकषावर माल "जपानी" ठरतो. ती बिल ऑफ एंट्रीच्या (कस्टम्सकडच्या आयात अर्जाच्या) तारखेपासून पाच वर्षं जपायची. अधिकाऱ्याने मागितली की दहा कामाच्या दिवसांत द्यायची. ओसाकाला मेल टाकून, त्यांच्या सुट्ट्या सांभाळून दहा दिवसांत ही माहिती गोळा होत नाही. म्हणून ऑर्डरच्या आधी.

---

उरणकर

बॅलार्डपिअर यांनी कागद सांगितला, मी मालाच्या वाटेबद्दल लिहितो.

सिंगापूरला नुसतं जहाज बदललं तर सवलत जात नाही. तिथे उतरवणं, पुन्हा चढवणं आणि माल टिकवण्यापुरती काळजी एवढंच झालेलं असावं. हे सिद्ध करायचं ते थ्रू बिल ऑफ लेडिंगने (पूर्ण प्रवासाच्या मालपावतीने): लोडिंग पोर्ट कोबे, डिस्चार्ज पोर्ट न्हावाशेवा, सगळा प्रवास एकाच दस्तऐवजात.

तुमची अडचण एलसीएलची आहे. सिंगापूर हे कन्सॉलिडेशनचं मोठं केंद्र. कोबेहून आलेला कंटेनर तिथल्या गोदामात उघडतात, तुमची पेटी काढून मुंबईच्या कंटेनरमध्ये भरतात आणि बऱ्याचदा फॉरवर्डर (माल पाठवणारा एजंट) नवं हाउस बिल (स्वतःची मालपावती) काढतो. त्या बिलात लोडिंग पोर्ट "सिंगापूर" पडतं. मग कागदावर माल सिंगापूरहून निघाला असंच दिसतं आणि थेट वाहतुकीची अट तुटते. फॉरवर्डरला बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा की हाउस बिल कोबेलाच निघेल आणि न्हावाशेवापर्यंत तेच चालेल. दोन्ही जहाजांच्या मास्टर बिलांच्या (जहाज कंपनीच्या मालपावत्यांच्या) प्रती मागवा. पेट्यांवरचे मार्क आणि नंबर पॅकिंग लिस्टमध्ये, बिल ऑफ लेडिंगमध्ये आणि सर्टिफिकेटमध्ये अक्षरशः सारखे ठेवा. माल सिंगापूरच्या गोदामात काही दिवस पडणार असेल तर सिंगापूर कस्टम्सकडून मालाला हात न लावल्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते तिथल्या फॉरवर्डरकडून काढून घ्या. माल सिंगापूर सोडून गेल्यावर ते मिळवणं जिकिरीचं होतं.

शक्य असेल तर कोबेहून थेट मुंबई सेवेचा एलसीएल दर विचारा. भाडं थोडं जास्त पडेल, पण हा सगळा व्याप वाचतो.

इकडे आल्यावर: बिल ऑफ एंट्री जहाज पोचायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. चुकलं तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. फेसलेस असेसमेंटमुळे (दूरस्थ कर-निश्चितीमुळे) तुमची बिल ऑफ एंट्री न्हावाशेवाच्या अधिकाऱ्याकडेच जाईल असं नाही, दुसऱ्या शहरातला अधिकारी फक्त ई-संचित या कस्टम्सच्या कागदपत्र पोर्टलवरच्या स्कॅन प्रती बघून ठरवणार. म्हणून स्कॅन रंगीत आणि स्पष्ट हवा, सही-शिक्का कापलेला नको. सर्टिफिकेट कागदी असेल तर मूळ प्रत बंदराच्या तुरंत सुविधा केंद्रात दाखवावी लागते, ती कुरिअरमध्ये अडकू देऊ नका.

---

हिशेबनीस

पैशाचं सांगतो, कारण "ड्युटी शून्य" ऐकून लोक पूर्ण कर शून्य धरतात. सवलत फक्त बेसिकवर आहे. बेसिक ७.५ टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरून चला.

सवलतीशिवाय: ४०,००,००० वर बेसिक ३,००,०००, त्यावर १० टक्के समाज कल्याण अधिभार ३०,०००. आयजीएसटी ४३,३०,००० वर, म्हणजे ७,७९,४००. एकूण ११,०९,४००.
सवलतीसह: बेसिक शून्य, म्हणून त्यावरचा अधिभारही शून्य. आयजीएसटी ७,२०,०००.

फरक ३,८९,४००. त्यातले ५९,४०० आयजीएसटीचे, ते तुम्हाला क्रेडिटमध्ये मिळालेच असते. खरी बचत ३,३०,०००. अँटी-डंपिंग ड्युटी लागू असेल तर ती या करारामुळे माफ होत नाही, ते वेगळं तपासा.

अधिकाऱ्याला शंका आली आणि त्याने जपानकडे पडताळणी पाठवली, तर माल सोडवायला त्या ३,८९,४०० एवढी सुरक्षा द्यावी लागते. ट्रेडरशी दर ठरवताना ही रक्कम काही महिने अडकू शकते हे धरा. आणि शेवटी क्लेम फेटाळला गेला तर फरक आणि त्यावर १५ टक्के वार्षिक व्याज. पडताळणीची विनंती क्लेमपासून पाच वर्षांपर्यंत पाठवता येते, त्यामुळे माल विकून झाला म्हणजे विषय संपला असं नसतं.

---

वसईची_अनघा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. ट्रेडरने उत्पादकाला विचारलं, तर कॉस्टिंग देणार नाही असं उत्तर आलं. आणि सर्टिफिकेट माल निघाल्यावर आठवड्याने मिळेल म्हणतात. मग परताव्याचं काय?

---

बॅलार्डपिअर

कॉस्टिंग मागूच नका, कुठलाच उत्पादक देत नाही आणि त्याची गरजही नाही. उत्पादकाच्या लेटरहेडवर एवढं मागा: उत्पादन प्रक्रियेचे टप्पे, परक्या कच्च्या मालाची नावं, सहा अंकी एचएस आणि देश, मूल्यवर्धन ("३५ टक्क्यांपेक्षा जास्त" असं मोघम नको, नेमकी टक्केवारी), आणि निकष. चेंबरकडून सर्टिफिकेट घ्यायला उत्पादकाने हा हिशेब केलेलाच असतो. किमती गोपनीय असतील तर पडताळणीच्या वेळी त्या जपानच्या यंत्रणेमार्फत जाऊ शकतात. एवढंही द्यायला नकार असेल तर क्लेम करू नका, पूर्ण ड्युटी धरून भाव करा. "आमचं सर्टिफिकेट पुरेसं आहे" एवढ्यावर सही करणारा आयातदार नंतर एकटा पडतो, कारण ट्रेडर सिंगापूरला आणि नोटीस वसईला.

सर्टिफिकेट आठवड्याने आलं तर बिघडत नाही. कोबे-सिंगापूर-न्हावाशेवा प्रवासात तेवढा वेळ असतो. फक्त शिपमेंटनंतर उशिरा दिलेल्या सर्टिफिकेटवर "इश्यूड रिट्रोअ‍ॅक्टिव्हली" हा शेरा लागतो, तो आहे का बघा.

माल सुटल्यावर सर्टिफिकेट आणून परतावा मागायची वाट मात्र खडतर आहे. सर्वोच्च न्यायालयाने आयटीसी प्रकरणात सप्टेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं की असेसमेंट बदलल्याशिवाय परतावा नाही. असेसमेंट बदलायला कलम १४९ ची दुरुस्ती, ६० दिवसांत अपील किंवा २०२५ मध्ये आलेल्या कलम १८ए खालची स्वेच्छा दुरुस्ती. आणि १४९ खाली, माल सुटल्यानंतर दुरुस्ती हवी असेल, तर माल सुटताना अस्तित्वात असलेल्या कागदांच्याच आधारे करता येते. नंतर छापलेलं सर्टिफिकेट इथेच अडतं. त्यामुळे कागद वेळेत येणार नाही असं दिसलं की बिल ऑफ एंट्री भरतानाच क्लेम नोंदवून कलम १८ खाली तात्पुरतं असेसमेंट मागा, बाँड आणि सुरक्षा देऊन. आधी पूर्ण भरू, मग बघू, हे करू नका.

बिल ऑफ एंट्रीत प्रत्येक आयटमसमोर अधिसूचना क्रमांक, सर्टिफिकेटचा क्रमांक आणि तारीख, मूळ देशाचा निकष, माल थेट आला का आणि संचयन (भारताचा कच्चा माल जपानी धरणं) वापरलं का, हे सगळं भरावं लागतं. पाच मॉडेलपैकी एकाचा जरी निकष वेगळा असेल तर तो आयटम वेगळा दाखवा.

---

उरणकर

एक सुचवतो. सर्टिफिकेट, हाउस बिल आणि ट्रेडरचं बिल या तिन्हींचे मसुदे माल कोबेच्या गोदामात जायच्या आधी सीएचएला मेल करायला सांगा. नाव, पत्ता, पेट्यांची संख्या, एकूण वजन, बिल क्रमांक आणि एचएस एकाच टेबलावर ठेवून जुळवायला त्याला अर्धा तास लागेल. बिल क्रमांक बदलला तर सर्टिफिकेट पुन्हा छापून घ्या, ट्रेडर शेवटच्या क्षणी बिल नव्याने काढतात आणि चेंबरला कळवायचं राहतं.