अक्रिलिकवर रंग, पांढरा आणि पुन्हा रंग : तीन जॉब एकमेकांवर नेमके बसत नाहीत

प्रश्नकर्ती, सीताबर्डी

नमस्कार. नागपुरातल्या आमच्या दुकानात फ्लॅटबेड यूव्ही मशीनवर (सपाट बेडवरच्या शीटवर छापून शाई अतिनील प्रकाशाने सुकवणाऱ्या) ग्लो साइन, म्हणजे मागून उजळणारे, बोर्ड छापले जातात. सध्या एका मिठाईच्या दुकानाचे, ५ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक अक्रिलिकवरचे, ४ बाय ३ फुटांचे ८ बोर्ड हातात आहेत. दिवसा अक्षरे भरीव दिसावीत आणि मागचे एलईडी लागल्यावर रंग फिके पडू नयेत, म्हणून शीटच्या मागच्या बाजूने मिरर (उलटे) करून आधी रंग, त्यावर पांढरा आणि त्यावर पुन्हा तोच रंग असे तीन थर देते. रिपमध्ये, म्हणजे फाइल मशीनला छापण्याजोगी करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हे तीन वेगळे जॉब (छपाईची कामे) आहेत. दर शीटला जॉब बदलावा लागू नये म्हणून आधी आठही शीटवर रंग छापून घेतला आणि मग पांढरा सुरू केला. पहिल्या दोन शीट वाया गेल्या. शिरोरेखेला एका बाजूने पांढरी किनार दिसते आणि ‘संत्रा’मधला अनुस्वार दोन टिंबांसारखा दिसतो. ओरिजिनचे (छपाई जिथून मोजली जाते त्या बिंदूचे) आकडे बदलून एक टोक जुळवले की दुसरे सुटते. हे जॉब सॉफ्टवेअरमध्येच एकावर एक रचता येतात का आणि त्याने हा दोष जाईल का?

ऑपरेटर, हिंगणा एमआयडीसी

ताई, रचता येतात आणि तसेच करावे. पण त्याआधी उरलेल्या सहा शीटना हात न लावता वाया गेलेल्या शीटवर मोजमाप घ्या, कारण चूक कशी वाढते यावरून तिचे मूळ कळते. सगळीकडे सारखीच असेल तर ओरिजिनचा किंवा फाइलच्या मापाचा दोष आहे. ओरिजिनपासून दूर जाताना वाढत असेल तर शीटचे माप बदलले आहे. आणि एकाच थरातली उभी रेघ दुहेरी येत असेल, तर हेडच्या (शाई उडवणाऱ्या भागाच्या) जाण्या-येण्याचे कॅलिब्रेशन बिघडले आहे. त्यावर लेयरचा काही उपाय नाही. दोन थरांच्या मध्ये शीट कुठे ठेवल्या होत्या, तेही सांगा.

प्रश्नकर्ती, सीताबर्डी

भिंग लावून मोजले. छापील बाजूने पाहता पांढरा थर सगळीकडे ओरिजिनकडे सरकलेला आहे. पहिल्या अक्षरापाशी ०.३ मिलिमीटर, लांबीच्या शेवटच्या अक्षरापाशी १.५ आणि रुंदीच्या वरच्या टोकाला साधारण १.१. रेघा दुहेरी नाहीत. मशीनच्या खोलीत एसी २७ अंशांवर असतो. रंग सकाळी छापला आणि शीट दुपारभर मागच्या टिनाच्या शेडमध्ये उभ्या होत्या.

ऑपरेटर, हिंगणा एमआयडीसी

तुमच्या मोजमापात दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या आहेत, म्हणूनच एक टोक जुळवले की दुसरे सुटते.

वाढत जाणारी चूक उष्णतेची आहे. अक्रिलिक एका अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर फुगते. नवतप्याच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत टिनाखाली ४२ अंश सहज असतात, म्हणजे तुमच्या खोलीपेक्षा १५ अंश जास्त. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंतचे अंतर ११५० मिलिमीटर धरले तर वाढ १.२ मिलिमीटर येते, आणि तुमच्या १.५ मधून ०.३ वजा केले की हाच आकडा उरतो. सकाळी छापलेला रंग शीटबरोबर ताणला गेला आणि दुपारचा पांढरा थर मूळ मापाचाच पडला.

सगळीकडे असलेली ०.३ मिलिमीटरची चूक मात्र फाइलमधली असावी. पांढऱ्याला चोक, म्हणजे तो रंगाबाहेर डोकावू नये म्हणून कडेने आत घेणे, किती दिला आहे? ०.३ दिला असेल, तर रिपने दोन्ही फाइलींचा रिकामा समास आपोआप छाटला असणार. चोकमुळे पांढऱ्याची चौकट चहूबाजूंनी ०.३ ने लहान झाली, छाटल्यावर दोन्ही चौकटी एकाच ओरिजिनला चिकटल्या आणि पांढरा तेवढाच सरकला. रिपमधली ही छाटणी बंद करा, किंवा तिन्ही थरांच्या चार कोपऱ्यांत एकाच जागी बारीक क्रॉस ठेवा, म्हणजे तिन्ही चौकटी सारख्याच मापाच्या राहतील.

आता तुमचा मूळ प्रश्न. तीन जॉब एकाच ओरिजिनवर लेयर म्हणून जोडा, मिरर एकाच ठिकाणी आणि तिघांना सारखाच लावा, आणि नेस्टिंग बंद ठेवा, नाहीतर रिप त्यांना वेगवेगळे जॉब समजून शेजारी शेजारी मांडेल. मग एक शीट बेडवर घेऊन, तिला धरून ठेवणारा व्हॅक्यूम न सोडता, तिन्ही थर पूर्ण होईपर्यंत हलवू नका. वेळ जास्त जाईल, पण दोन थरांच्या मध्ये शीट दुसरीकडे जाणारच नाही. छापण्याआधी सगळ्या शीट रात्रभर मशीनच्याच खोलीत आडव्या ठेवाव्यात. म्हणजे त्या खोलीच्या तापमानाला येतील. रोलवर छापणाऱ्यांसाठी सांगतो, तिथे मीडिया (ज्यावर छापायचे तो रोल) मागे ओढून पुन्हा छापण्यापेक्षा हेडच्या नोझलचे भाग पाडून एकाच फेरीत थर देणे चांगले. वेग कमी होतो, पण मीडिया मागे-पुढे होत नाही.

डिझायनर, महाल

फाइलच्या बाजूने थोडी भर घालते. तीन फाइली करण्याऐवजी एकाच पीडीएफमध्ये पांढरा हा स्पॉट कलर (नाव दिलेला स्वतंत्र रंग) म्हणून घ्यावा आणि थरांचा क्रम रिपला लावू द्यावा, म्हणजे माप वेगळे होण्याचा प्रश्नच उरत नाही. स्पॉटचे नाव रिपला हवे तेच आणि त्याच अक्षरांत असावे लागते. उदाहरणार्थ, रोलंडच्या वर्सावर्क्स या रिपमध्ये ते आरडीजी अंडरस्कोर व्हाइट असे आहे. पांढऱ्याला ओव्हरप्रिंट (खालचा रंग तसाच ठेवून वर छापणे) लावायला विसरू नये, नाहीतर तो खालचा रंग कापून टाकतो आणि अक्षर निव्वळ पांढरे छापले जाते. तसेच ०.३ चा चोक देवनागरीला मला फार वाटतो, कारण वेलांटीची आणि रफाराची टोके इतकी निमुळती असतात की त्यांच्याखाली पांढरा उरतच नाही. ७२० डीपीआयला ३ पिक्सेल म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर, आणि शीट हलली नाही तर तेवढा पुरतो. आणखी एक, अक्रिलिकची संरक्षक फिल्म हळूहळू काढावी आणि शीट पुसून थोडा वेळ जाऊ द्यावा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत इतकी स्टॅटिक (स्थिर वीज) तयार होते की पांढऱ्याचे थेंब अक्षराबाहेर उडतात आणि ती धूसर कड चुकलेल्या रजिस्ट्रेशनसारखीच (थरांच्या जुळणीसारखीच) दिसते.

ग्लो साइन फिटर, वर्धमान नगर

पांढरा १०० टक्के छापू नका, रात्री बोर्ड काळवंडतो. एका तुकड्यावर ४०, ६०, ८० आणि १०० टक्क्यांच्या पट्ट्या तिन्ही थरांसह छापा आणि ज्या एलईडीवर बोर्ड लागणार आहे, त्याच एलईडीसमोर अंधारात धरून पाहा. पांढऱ्या शाईतले टायटॅनियम डायऑक्साइड तळाशी बसते, म्हणून पट्ट्या छापण्याआधी शाई नीट ढवळून घ्या, नाहीतर आजची ६० टक्के उद्या तेवढीच येणार नाही.

प्रश्नकर्ती, सीताबर्डी

चोक ०.३ च होता आणि छाटणीही चालू होती. रंग छापलेल्या सहा शीट रात्रभर एसीच्या खोलीत आडव्या ठेवल्या होत्या, त्यामुळे त्यांवरचा सकाळचा रंग पुन्हा मूळ मापावर आला. चोक ०.१ केला, कोपऱ्यांत क्रॉस दिले, छाटणी बंद केली आणि रंगाचा पहिला थर वगळून उरलेले दोन थर एका जॉबमध्ये जोडले. आज पहिली शीट निघाली. दूरच्या टोकाला भिंगातूनही किनार दिसत नाही आणि अनुस्वार एकच आहे. पांढरा पट्टीवर पाहून ६० टक्क्यांवर ठेवला आहे. वाया गेलेल्या दोन बोर्डांसाठी नव्या शीट आणल्या असून त्या उद्या तिन्ही थर एकाच जॉबमध्ये घेऊन छापते.