मदत हवी आहे : अंगठा न उमटणाऱ्या विडी कामगार महिलांच्या रेशनसाठी नेमकी कोणती लेखी तरतूद दाखवावी?

नमस्कार.

सोलापुरात आमच्या वाचनालयात ‘राष्ट्रीय ओळखपत्र असावे की नसावे’ या विषयावर लवकरच जाहीर चर्चा होणार असून तिचे टिपण करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नेहमीचे मुद्दे हाताशी आहेत. समर्थक बोगस शिधापत्रिका आणि धान्याची गळती यांवर भर देतात. विरोधक खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा निकाल पुढे करतात, आणि २००६ साली कायदा करून आणलेली ओळखपत्र योजना ब्रिटनने सत्तांतरानंतर २०१० मध्ये मोडीत काढली, याचीही आठवण देतात. ब्रिटनचा हा दाखला मला आपल्याकडे अपुरा वाटतो, कारण तिथे त्या कार्डावाचून कोणाचे महिन्याचे धान्य अडत नव्हते.

माझा प्रश्न या धान्याचाच आहे. पूर्व भागात आणि कुंभारीच्या विडी घरकुलात राहणाऱ्या अनेक महिलांचे आयुष्य पाने कापण्यात, विड्या वळण्यात आणि दोरा बांधण्यात गेले आहे. त्यात बोटांची टोके इतकी झिजतात की रास्त भाव दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठाच लागत नाही. आमच्या शेजारच्या आजींना (घरची भाषा तेलुगू, पण भांडतात ठसक्यात सोलापुरी मराठीत) ‘मशीन घेईना, पुढच्या आठवड्यात या’ असे सांगून परत पाठवले जाते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाचा, आणि मुलगा नोकरीसाठी पुण्यात. त्यामुळे ओटीपीचा मार्गही व्यवहारात बंदच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा बहुतांशी वैध ठरवला, कलम ५७ मधील खासगी कंपन्यांना दिलेली मुभा काढून घेतली आणि कलम ७ खालील अनुदानांसाठीचा वापर मात्र कायम ठेवला. त्याआधीच, ऑक्टोबर २०१७ मध्ये, आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढून बोटांचे ठसे न जुळल्यास बुबुळ किंवा ओटीपी वापरावा, आणि तेही न जमल्यास आधार कार्ड पाहून, अपवाद म्हणून वेगळ्या नोंदवहीत नोंद करून लाभ द्यावा, असे सांगितले होते. म्हणजे कागदावर सोय आहे. चर्चेत खासगीपणावर तास-दोन तास सहज जातील, पण ही नोंदवही दुकानात ठेवलेली असते का, हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते योजनेची खरी परीक्षा तिथेच आहे.

म्हणून जाणकारांना विनंती आहे की, महाराष्ट्रातल्या एखाद्या दुकानात अशा नोंदवहीवर धान्य मिळाल्याचा अनुभव असल्यास तो कृपया तपशिलासह लिहावा. अंगठा न लागणाऱ्या वृद्धांच्या वतीने दुसऱ्या व्यक्तीला नामनिर्देशित करण्यासाठी अर्ज कोठे आणि कोणत्या कागदपत्रांसह द्यावा लागतो? दुकानदाराने नकार दिल्यास आधी पुरवठा कार्यालयात जावे, की राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ खालील जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे थेट तक्रार करावी? अर्जाचा मराठी नमुना कोणाजवळ असल्यास तोही इथे द्यावा. आजींचा अर्ज या महिन्याचे धान्यवाटप संपण्यापूर्वी द्यायचा आहे.