मदत हवी आहे: डाऊन सिंड्रोम आणि वाढलेला टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन)
नमस्कार मंडळी, माझी मुलगी 6 वर्षांची, डाऊन सिंड्रोम आहे तिला, आम्ही कोथरूडला राहतो. दरवर्षी थायरॉइड तपासतो, यंदा टीएसएच 8 आलाय पण फ्री टी4 (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल, एक डॉक्टर म्हणतात गोळी लगेच चालू करा, दुसरे म्हणतात अँटी टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीजची टेस्ट) करा आणि 3 महिन्यांनी परत बघू, या मुलांमध्ये असा थोडा वाढलेला बऱ्याचदा दिसतो. वजन पण वाढतंय, ते थायरॉइडमुळे की सासूबाईंच्या तुपामुळे देव जाणे! कुणी गोळी चालू केली का थांबलात? डेक्कन, कर्वे रोडकडे लहान मुलांचे चांगले एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) कोण आहेत? शुगर आणि सिलियाकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) टेस्ट पण एकदाच करून घेईन म्हणते, सुई दिसली की पोरगी घर डोक्यावर घेते.