पावसाच्या नकाशाचे रंग मॅपलिथोवर एकमेकांत मिसळतात: सीएमवायकेचे नेमके कोणते आकडे धरायचे?

नकाशा_नाशिक
नाशिक जिल्ह्याच्या १५ तालुक्यांचा वार्षिक पावसाचा नकाशा ए४ पुस्तिकेसाठी केलाय. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पाच वर्ग, कलरब्रूअर या नकाशांचे रंगसंच देणाऱ्या साइटचा पिवळा-हिरवा-निळा संच. स्क्रीनवर पाचही पायऱ्या स्वच्छ दिसतात. ऑफसेटला मॅपलिथोवर, म्हणजे चकाकीचा थर नसलेल्या साध्या कागदावर, छापलेल्या पानात मात्र इगतपुरीचा सर्वांत गडद निळा आणि शेजारच्या त्र्यंबकेश्वरचा त्याआधीचा निळा जवळपास एकच वाटतो. येवला-नांदगावकडचा फिकट पिवळा तर कागदातच विरून गेलाय.
मधल्या, म्हणजे तिसऱ्या रंगाचे आरजीबी (स्क्रीनवरच्या लाल, हिरव्या, निळ्याचे आकडे) ६५, १८२, १९६ आहेत. ऑनलाइन कन्व्हर्टर त्याचे सीएमवायके, म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईचे टक्के, सी ६७, एम ७, वाय ०, के २३ देतो. कलरब्रूअरवर सीएमवायके निवडलं की वेगळेच आकडे येतात आणि इलस्ट्रेटर सॉफ्टवेअर तिसरेच दाखवतं. बरोबर कोणते धरायचे?

सातपूर_प्रीप्रेस
तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तुमच्या कागदासाठी त्यांतला एकही नाही.
ऑनलाइन कन्व्हर्टर नुसती वजाबाकी-भागाकार करतो. त्याला शाई कोणती, कागद कोणता, काही माहीत नसतं. म्हणून त्या मोकळ्या हिरवट निळ्यात त्याने २३ टक्के काळी शाई घातली. भिंगाखाली पाहा, फिकट निळ्यात काळे ठिपके पेरलेले दिसतील आणि रंग मळकट होईल. प्रोफाइल, म्हणजे ठरावीक शाई-कागदावर रंग कसा उतरतो ते सांगणारी फाईल, लावून रूपांतर केलं तर काळी जवळपास जाते आणि थोडी पिवळी येते. इलस्ट्रेटरची मूळ सेटिंग बहुतेक ठिकाणी अमेरिकन कोटेड (थर दिलेल्या) कागदाची, म्हणजे स्वॉप असते. कलरब्रूअरमधले सीएमवायके आकडे आरजीबीवरून सूत्राने काढलेले नाहीत, छपाईसाठी वेगळे दिलेले आहेत. त्यामुळे ते कन्व्हर्टरशी जुळणारच नाहीत.
आता खरा घोळ. तुमच्या पाच रंगांची उजळता, लॅब या रंगमोजणीतला एल (० काळा, १०० पांढरा), स्क्रीनवर साधारण ९९, ८२, ६८, ५१, २७ अशी आहे. मॅपलिथोवर एकट्या काळ्या शाईचा भरीव ठसासुद्धा ३० च्या आसपासच थांबतो, मग निळा २७ पर्यंत जाणार कुठून? तो वर सरकतो. त्यात ठिपका पसरतो. ५० टक्क्यांचा ठिपका आर्टपेपरवरच (गुळगुळीत कोटेड कागदावर) ६५ च्या आसपास दिसतो आणि मॅपलिथो शाई पीत असल्याने तिथे त्याहून जास्त. म्हणजे चौथा रंग खाली येतो, पाचवा वर जातो आणि दोघे मध्ये भेटतात. वरच्या टोकाला ९९ म्हणजे कागदाच्या पांढऱ्याहूनही उजळ, तिथे २० टक्के पिवळी शाई ट्यूबलाइटखाली दिसतच नाही.
म्हणून एकेक रंग स्क्रीनशी जुळवत बसू नका. पायऱ्यांमधलं अंतर जपा. मॅपलिथोसाठी एल ९०, ७७, ६४, ५१, ३८ धरा, प्रत्येक पायरी १३ ची. गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या रंगखिडकीत एलसीएच (उजळता, तीव्रता, छटा) सरकपट्ट्या आहेत, तिथे एल बदलून छटा तशीच ठेवता येते. मग फोग्रा ५२ चं अनकोटेड (थर नसलेल्या कागदाचं) प्रोफाइल लावून सॉफ्टप्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल याचा स्क्रीनवरचा अंदाज, पाहा आणि सीएमवायके आकडे तिथूनच उचला. गडद निळ्यात एम हा सी पेक्षा किमान ३० ने कमी ठेवा, नाहीतर तो जांभळा होतो.

गोदाकाठ_जीआयएस
सातपूरच्या दादांनी छपाईची बाजू नीट सांगितली. क्यूजीआयएसमधली एक गोष्ट आधी तपासा: तालुक्यांच्या लेयरखाली हिलशेड, म्हणजे डोंगरउतारांची छाया दाखवणारा लेयर, आहे का, आणि लेयरची अपारदर्शकता १०० पेक्षा कमी केलीय का? तसं असेल तर रंगसूचीतला रंग आणि नकाशातला रंग छपाईआधीच वेगळे झालेत. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगराळ भागात हिलशेडची करडी सावली चौथ्या रंगाला पाचव्याजवळ ढकलते. शिवाय पारदर्शकता किंवा ब्लेंड मोड (खालच्या लेयरशी रंग मिसळण्याची सेटिंग) असला की पीडीएफ चित्र होऊन बाहेर पडते आणि एकेक रंग बदलता येत नाही. हिलशेड काढा, अपारदर्शकता १०० करा, 'नेहमी व्हेक्टर' ची (चित्र न करता आकार सुटे ठेवण्याची) खूण लावून पीडीएफ काढा.
ती स्क्राइबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की रंगांच्या यादीत 'फ्रॉमपीडीएफ' आणि पुढे हेक्स कोड (आरजीबी लिहायची दुसरी पद्धत) अशी नावं दिसतात. प्रत्येकाचं मॉडेल सीएमवायके करून नवे आकडे भरा. नकाशा आणि सूची दोन्ही एकाच नावाने बांधलेली असतात, दोन्हीकडे एकदमच बदलतं. काळी अक्षरं आणि सीमारेषा विसरू नका. आरजीबीचा काळा चारही शायांत फुटतो आणि प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत कड येते. तो फक्त के १०० करा.

नकाशा_नाशिक
हिलशेड होता, ७० टक्के अपारदर्शकतेखाली. काढला. दोन शंका. इगतपुरीचं नाव गडद निळ्यावर पांढऱ्यात आहे, चालेल का? आणि हीच फाईल आर्टपेपरच्या भिंतीवरच्या तक्त्याला वापरू का?

सातपूर_प्रीप्रेस
पांढरी अक्षरं मॅपलिथोवर ९ पॉइंटच्या खाली नकोत, आणि ठळक घ्या. बाजूची शाई आत सरकते, आधी अनुस्वाराचा टिंब भरतो, मग वेलांटीचं पोट. जागा नसेल तर नाव तालुक्याबाहेर काढून रेघेने जोडा.
तक्त्याला ही फाईल नको. आर्टपेपरवर काळा बराच खोल जातो, तिथे ३८ वर थांबण्याचं कारण नाही. फोग्रा ५१ हे कोटेड कागदाचं प्रोफाइल लावा, एल ९२ ते ३० घ्या, पायरी साडेपंधराची. दोन वेगळ्या फायली, नावात कागद लिहून ठेवा.
छपाईआधी पाच रंगांचे २ सेंटिमीटरचे चौकोन, एकमेकांना चिकटून, त्याच कागदावर निघणाऱ्या दुसऱ्या कामाच्या कडेला घालून मागा. चकचकीत कागदावरचा इंकजेट प्रूफ मॅपलिथोबद्दल काहीच सांगत नाही. नमुना लगेच पाहू नका, शाई ओली असताना तजेलदार दिसते, वाळली की बसते. दुसऱ्या दिवशी, शक्यतो ५००० केल्विनच्या दिव्याखाली पाहा. चौथा आणि पाचवा हातभर अंतरावरून ओळखू आले तर प्लेट काढायला सांगा.